सांधा मोकळा, हात अडलेला: एका खांद्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ग्रंथालयात काम करणारे 41 वर्षांचे एक गृहस्थ फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्याची तक्रार सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि घटनाक्रम मात्र जसाच्या तसा ठेवलाय, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्यातच आहे.

हातात चिठ्ठी होती, तिच्यावर निदान होतं: फ्रोझन शोल्डर. एक्स-रेमध्ये काही नाही. मधुमेह नाही, कुठे पडले नव्हते, खांद्याला मार लागलेला नव्हता. ते म्हणाले, "डॉक्टर, वरच्या फळीवर पुस्तक ठेवता येत नाही. खालच्या तीन फळ्यांपर्यंत काही अडचण नाही."

सुरुवात कशी झाली ते त्यांनी नीट सांगितलं होतं. आधी तीन दिवस ताप आला. तो उतरल्यावर आठवड्याभरात एका रात्री खांद्यात आणि पाठीच्या वरच्या भागात अशा कळा सुरू झाल्या की झोपच लागेना. बारा दिवस हे चाललं. मग दुखणं ओसरलं, आणि ओसरता ओसरता हात उचलेनासा झाला. "दुखायचं थांबलं आणि हात वर जायचाही थांबला," हे त्यांचे शब्द मी वहीत लिहून घेतले होते. लिहून घेतले आणि तिथेच सोडून दिले.

पहिली तपासणी

उभं राहून स्वतःच्या ताकदीने हात पुढून वर नेला तर तो 95 अंशांवर थांबत होता. आडवं झोपवून मी तो हात उचलला, तेव्हा 165 अंशांपर्यंत विनासायास गेला. कोपर अंगाला चिकटवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवला तर उजवीकडे 70 अंश, डावीकडे 75.

ज्यांचा या विषयाशी संबंध आहे त्यांनी इथेच भुवया उंचावल्या असतील. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं आणि आकसतं. आवरणच आवळलेलं असल्यामुळे हात रुग्णाने हलवला काय किंवा दुसऱ्याने हलवला काय, अडायचा तिथे अडतोच. त्यातही सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कमी होते ती हात बाहेर वळवण्याची हालचाल. या रुग्णात ती जवळपास पूर्ण होती. म्हणजे सांधा मोकळा होता.

मी हे आकडे लिहिले, चिठ्ठीवरच्या निदानाकडे पाहिलं आणि "लवकर पकडला, म्हणून अजून आखडलेला नाही" असा अर्थ लावला. पुढचे तीन आठवडे शेक, सांधा मोकळा करण्याचे हस्तोपचार, ताण देण्याचे व्यायाम आणि दोरी-कप्पीने हात वर ओढणं, अशा सहा बैठका झाल्या. मोकळा सांधा मी आणखी मोकळा करत बसले होते. सहाव्या बैठकीनंतरही उभ्याने हात 95 अंशांवरच होता.

हात वर जातो म्हणजे काय होतं

चूक कशी सापडली ते सांगण्याआधी थोडं यंत्रणेबद्दल. हे माहीत नसेल तर पुढचं सगळं नुसती यादी वाटेल.

खांदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंडाच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण येते. पण ही खोबण ज्या हाडावर आहे ते खांद्याचं पातं स्वतः कशावर बसलंय? बरगड्यांवर, आणि तेही स्नायूंच्या गादीवर तरंगत. पात्याचा उरलेल्या सांगाड्याशी हाडाने जोडलेला दुवा एकच: गळ्याजवळचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, आणि तिचं दुसरं टोक छातीच्या मधल्या हाडाला जिथे टेकतं तो छोटासा सांधा. पातं आणि बरगड्या यांच्यामध्ये ना कूर्चा आहे, ना आवरण. तरी तिथे घसरण्याची हालचाल होते, म्हणून त्यालाही कामापुरतं 'सांधा' म्हणतात. कॉलर बोन पात्याला जिथे जोडलेली आहे तो सांधाही धरून असे चार सांधे एकत्र हलतात तेव्हा हात डोक्यावर जातो.

वाटणीही ठरलेली आहे. हात पूर्ण 180 अंश वर गेला तर त्यातले साधारण 120 अंश गोळा-खोबणीच्या सांध्यातून येतात आणि 60 अंश पातं बरगड्यांवरून वर फिरल्यामुळे येतात. हे दोनास एक प्रमाण 1944 साली इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट यांनी मांडलं. पुढच्या मोजणीत ते माणसागणिक आणि कोनागणिक बदलतं असं दिसलं, पण ढोबळ अंदाजाला आजही तेच धरतात. पहिल्या तीसेक अंशांत पातं फारसं हलत नाही. त्यानंतर मात्र हाताबरोबर तेही फिरत राहावं लागतं.

आता ताकदीचा हिशेब. स्नायूला एकच काम येतं, आखडून ओढणं. तो ढकलू शकत नाही. खांद्यावरचा डेल्टॉइड दंडाच्या हाडाला वर ओढतो, पण त्याचं दुसरं टोक पात्यावर आणि कॉलर बोनवर बांधलेलं आहे. 70 किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो. तो आडवा ताठ धरला तर त्याचा भार खांद्याच्या मध्यापासून सुमारे 30 सेंटिमीटर लांब पडतो, आणि डेल्टॉइडला ओढायला मिळतं ते जेमतेम 3 सेंटिमीटरचं अंतर. म्हणजे साडेतीन किलोचा हात नुसता धरून ठेवायला या स्नायूला पस्तीसेक किलोचा जोर लावावा लागतो. (हातात पुस्तक नसतानाचा हा हिशेब आहे.)

हा जोर जितका दंडावर लागतो तितकाच उलट दिशेने पात्यावरही लागतो. होडीत उभं राहून काठावरचं ओझं दोरीने ओढायला जावं, तर ओझ्याआधी होडीच हलते. पात्याचं तसंच आहे. डेल्टॉइड हात वर खेचत असताना पात्याला कुणीतरी छातीशी दाबून धरलं पाहिजे, शिवाय त्याच वेळी वर फिरवतही नेलं पाहिजे. हे काम मुख्यतः तीन ओढींच्या जुळणीतून होतं: मानेकडून येणारा ट्रॅपेझियसचा वरचा भाग, पाठीच्या मध्याकडून येणारा त्याचाच खालचा भाग आणि काखेखालून येणारा सेरेटस अँटिरियर. तिघांच्या दिशा वेगळ्या, पण गाडीचं स्टिअरिंग दोन हातांनी फिरवताना एक हात वर आणि एक खाली जातो, तसा त्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे पात्याचं फिरणं.

सेरेटस वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून करवतीच्या दातांसारखा निघतो, पात्याच्या पुढच्या अंगाने मागे जातो आणि पात्याच्या मणक्याकडच्या कडेला चिकटतो. त्याला आज्ञा देणारी नस मानेतल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मुळांपासून निघून छातीच्या बाजूने वीस सेंटिमीटरहून जास्त खाली उतरते. नाव 'लाँग थोरॅसिक'. लांब, एकटी, आणि बऱ्याच भागात उघड्यावर असलेली नस.

ती बंद पडली की पातं फिरत नाही. मग खोबण वर वळत नाही, डेल्टॉइडची दोन टोकं फार लवकर जवळ येतात, आणि पूर्ण आखडलेला स्नायू आणखी काय आखडणार? हात खांद्याच्या उंचीच्या आसपास थांबतो, आणि सांध्यात काहीच बिघाड नसतो.

चूक लक्षात आली तो दिवस

सातव्या बैठकीला ते जरा लवकर आले होते. बोलता बोलता म्हणाले, "हल्ली खुर्चीत टेकून बसलं की पाठीला उजवीकडे काहीतरी टोचतं. खुर्चीच्या पाठीत खिळा आहे की काय, म्हणून मी हात फिरवून पाहिला."

ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या बैठकीतही सांगितली होती. मी तेव्हा "बसण्याची सवय बदला" असं काहीतरी म्हणाले होते.

या वेळी त्यांना शर्ट काढून पाठमोरं उभं राहायला सांगितलं. तीन आठवड्यांत हे पहिल्यांदाच. पाठ पाहिल्याशिवाय खांदा तपासला असं म्हणणं किती पोकळ आहे, ते त्या अर्ध्या मिनिटात कळलं. स्वस्थ उभे असताना फरक थोडाच होता: उजवं पातं किंचित वर आणि मणक्याकडे सरकलेलं. दोन्ही हात पुढे करून भिंत ढकलायला सांगितल्यावर उजव्या पात्याची आतली कड पाठीपासून सुटून पंखासारखी उभी राहिली. माझ्या बोटांची दोन पेरं तिच्याखाली आत गेली. खुर्चीला टोचत होती ती हीच कड.

मग पुढची चाचणी. त्यांचं पातं मी तळहाताने छातीशी दाबून वर फिरवत नेलं आणि त्यांना हात उचलायला सांगितलं. 95 अंशांवर अडणारा हात 140 पर्यंत गेला. उताणं झोपल्यावर तर त्यांना तो स्वतःच 145 पर्यंत नेता येत होता, कारण तिथे गादीच पात्याला मागून दाबून धरते. पात्याला आधार मिळाला की तीच हाडं, तोच सांधा, तोच डेल्टॉइड नीट काम करत होता.

ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही धरलं तर जातो, मी धरलं तर नाही." यापेक्षा नेमकं निदान मलाही मांडता आलं नसतं.

इतर शक्यता

पातं पंखासारखं उठण्याची कारणं एकाहून जास्त असतात, म्हणून घाईने शिक्का मारणं ही दुसरी चूक ठरली असती. ट्रॅपेझियस गेला असता तर खांदा खाली लोंबकळला असता, खांदे उडवता आले नसते, आणि पात्याचं उठणं हात बाजूने वर नेताना जास्त दिसलं असतं. इथे खांदे उडवणं चांगलं होतं आणि उठणं पुढून हात नेताना जास्त. मानेतल्या सातव्या मुळाचा त्रास असेल का म्हणून कोपर सरळ करण्याची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या, त्या सारख्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून नीट गोल होतो का तेही पाहिलं, कारण ताप, मग रात्रीच्या कळा आणि मग लुळेपणा या क्रमाने येणाऱ्या नसांच्या दाहात ही चिमूट कधीकधी बिघडते. पार्सनेज आणि टर्नर यांनी 1948 मध्ये वर्णन केलेला तो विकार. गोल नीट झाला.

त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत हालचाल पाहण्याची तपासणी, म्हणजे ईएमजी, नस बिघडल्यानंतर साधारण तीन आठवडे उलटल्याशिवाय खरी गोष्ट सांगत नाही. तोवर नऊ आठवडे झाले होते. अहवाल स्पष्ट होता: सेरेटसचा नसेशी संपर्क तुटलेला, आजूबाजूचे इतर स्नायू ठीक.

पर्याय आणि निर्णय

समोर चार वाटा होत्या.

वेदनेच्या पहिल्या दिवसांत स्टेरॉइडचा विचार काही डॉक्टर करतात. ती वेळ निघून गेली होती.

पट्टा लावून पातं छातीशी बांधून ठेवता येतं. असे पट्टे घट्ट असतात, घाम येतो, आणि फार थोडे लोक ते महिनोन्महिने घालतात. मी तो सुचवला, कारण लुळा स्नायू सतत ताणलेला राहू नये हा त्यामागचा विचार योग्य आहे. त्यांनी दोन आठवडे घातला आणि सोडला. मी आग्रह धरला नाही.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार बोलण्यात आले. एकात शेजारच्या चांगल्या नसेची फांदी बंद नसेला जोडतात. ती जितकी लवकर, तितका स्नायू वाचण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात छातीच्या मोठ्या स्नायूचा एक भाग पात्याच्या खालच्या टोकाला आणून बांधतात; ती नस परत येत नाही याची खात्री झाल्यावर. पहिल्या प्रकारात थांबण्याला किंमत आहे आणि दुसऱ्यात घाईला. दाहामुळे बंद पडलेली ही नस बऱ्याच जणांत आपोआप परत येते, कधी सहा महिन्यांत, कधी दोन वर्षांत. शल्यचिकित्सकांनी एक तारीख ठरवून दिली: सहाव्या महिन्यात पुन्हा ईएमजी. तोवर हालचाल दिसली नाही तर नसजोडणीवर गंभीरपणे बोलू.

म्हणून चौथी वाट धरली. थांबायचं, पण त्या काळात खांदा जपायचा. अशी तारीख नक्की नसती तर 'वाट पाहू' म्हणता म्हणता वर्ष गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

काय केलं

आधी जे चाललं होतं ते थांबवलं. कप्पीने ओढणं बंद, ताण देणं बंद. सांधा आखडू नये एवढ्यापुरतं, दिवसातून दोनदा, झोपून डाव्या हाताच्या मदतीने उजवा हात वर नेणं. कामावर त्यांनी वरच्या फळ्या सहकाऱ्याकडे दिल्या, खांद्यावर पिशवी अडकवणं सोडलं. रोटेटर कफचे चार छोटे स्नायू, जे गोळा खोबणीत दाबून धरतात, आणि ट्रॅपेझियसचा खालचा भाग यांचे व्यायाम हात खांद्याच्या खालीच ठेवून सुरू केले.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट बिघडली. ते घरी आरशासमोर खांदा कानापर्यंत उचलून, धड मागे झुकवून हात वर नेण्याचा सराव करत होते. हात 110 पर्यंत जात होता आणि ते खूश होते. पण त्यात सेरेटसचा वाटा शून्य होता; मानेकडचा ट्रॅपेझियस दोघांचं काम एकटा करत होता. थोड्याच दिवसांत मान आणि डोकं दुखू लागलं. त्यांची समजूत काढणं अवघड गेलं. तीन महिने काहीच सुधारत नसताना, हाताने वर जाऊन दाखवलेले पंधरा अंश सोडायला सांगणं म्हणजे हातचं काढून घेण्यासारखंच. शेवटी त्यांच्या पाठीचे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले, पाठ पहिल्यांदा पाहिली त्या दिवसाचा आणि आताचा. पात्याची कड दोन्हीत तितकीच वर होती. तेव्हा त्यांनी आरशाचा सराव सोडला.

सहाव्या महिन्याच्या ईएमजीत स्नायूत नव्याने जुळलेल्या धाग्यांच्या छोट्या खुणा दिसल्या. शस्त्रक्रियेचा विषय बाजूला ठेवला. सातव्या महिन्यात काखेखाली बरगड्यांवर बोटं ठेवून मी त्यांना छताकडे मूठ ढकलायला सांगितली, तेव्हा बोटांखाली एक बारीक थरथर जाणवली. नस पुन्हा वाढण्याचा वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर असतो. वीस सेंटिमीटरच्या प्रवासाला सात महिने, हिशेब बरोबर जुळत होता.

तिथून पुढे खरे व्यायाम. आधी उताणं झोपून छताकडे मूठ ढकलणं, कारण गादीचा आधार असतो. मग भिंतीवर दोन्ही पुढचे हात टेकवून वर सरकवणं. मग हातगुडघ्यांवर येऊन पाठ थोडी वर ढकलणं. शेवटी उभ्याने, हातात आधी काही नाही, मग पातळ पुस्तक. प्रत्येक टप्प्यावर एकच पाहायचं: पात्याची कड सुटते का? सुटली तर एक पायरी खाली.

परिणाम

चौदाव्या महिन्यात उभ्याने हात पुढून 160 अंशांपर्यंत जात होता, डावा 170. भिंत ढकलताना उजवी कड अजून किंचित दिसते. हात वरून सावकाश खाली आणताना ती जास्त दिसते, कारण ओझं सोडत खाली येणं हे स्नायूसाठी उचलण्याइतकंच, किंबहुना जास्त, कसोटीचं काम असतं. वरच्या फळीवर ते पुस्तक ठेवतात. जाडजूड संदर्भग्रंथ असेल तर दोन्ही हातांनी, आणि फळीवरून काढताना ठेवतानापेक्षा जास्त जपून.

आज असतं तर

पहिल्या दिवशीच पाठ पाहिली असती. हे सगळ्यात सोपं होतं आणि तेच राहिलं.

स्वतः केलेली हालचाल आणि मी केलेली हालचाल, हे दोन आकडे आता मी कागदावर शेजारी-शेजारी लिहिते, फरकासह. 95 आणि 165 यांच्यात 70 अंशांचं अंतर होतं. हे अंतर वेगवेगळ्या ओळींवर लिहिल्यामुळे मला दिसलंच नाही. फरक मोठा असेल तर अडथळा सांध्यात नाही, ओढणाऱ्यात किंवा त्याला आज्ञा देणाऱ्यात आहे. मग स्नायुबंध तुटलाय की नस बंद आहे, हा पुढचा प्रश्न.

आरशासमोरचा सराव होणार हे आधीच ओळखायला हवं होतं. मी "हात वर नेऊ नका" म्हटलं होतं, पण का नाही ते पुरेसं उलगडून सांगितलं नव्हतं. पाठीचे फोटो पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवे होते.

वाया गेलेल्या तीन आठवड्यांनी नस परत यायला उशीर झाला असेल असं मला वाटत नाही. तिने तिचा वेळ घेतलाच असता. पण त्या तीन आठवड्यांत एक माणूस लुळ्या स्नायूवर कप्पीने हात ओढत राहिला, आणि खुर्चीत खिळा शोधत राहिला.